माळावरील एकत्र कुटुंब

वैशाखाच्या दिवसांत नगर शहराहून कर्जतकडे जाणाऱ्या प्रवाशास दोन्ही हातांस उघडें माळरान दिसतें. सह्याद्रीनें पावसाळी ढगांचें ओझें अकोले तालुक्यांतच उतरवून घ्यावें, व पूर्वेकडील पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांच्या वाट्यास हलके ढग यावेत, असा या जिल्ह्याचा पिढीजात योग आहे. इ. स. २०२४ मध्यें जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. पर्जन्यछाया मात्र तीच राहिली. तरीही त्या माळावर हिवर उभा असतो, बाभूळ हिरवी असते, बोरीच्या जाळ्या असतात. कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीच्या अभयारण्यांत तर अशाच कांटेरी झाडांच्या आश्रयानें काळविटांचे कळप नांदतात. या झाडांस खत कोणी घातलें? पाणी कोणी शेंदलें?

उत्तर जमिनीखालीं आहे. आपण ज्यास एक झाड म्हणतों, तें वस्तुतः एक कुटुंब असतें, आणि त्यांतील बहुतेक मंडळी डोळ्यांस दिसत नाहींत. भिन्न जातींच्या जीवांनीं एकमेकांस धरून राहण्याच्या या रीतीस जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारी यानें इ. स. १८७९ मध्यें जें नांव रूढ केलें, त्यास आपण सहजीवन म्हणतों. त्याचा एक नमुना प्रत्येक घरच्या मसाल्याच्या डब्यांत आहे. गोड्या मसाल्यांतील दगडफूल हें फूल नव्हे, व एकटी वनस्पतिही नव्हे. बुरशी घर बांधते, शेवाळ अन्न शिजवितें, आणि दोघें मिळून उघड्या खडकावर संसार थाटतात.

माळावरच्या झाडाचा पहिला सोबती म्हणजे जीवाणु. आम्ही शाळेंत असतां श्रावणांत मुलांकडून हुलग्याचें किंवा मटकीचें रोप मुळासकट आणवीत असूं. मुळांवरच्या बारीक गांठी पाहून मुलें म्हणत, “गुरुजी, याला कीड लागली आहे.” मग एक गांठ नखानें फोडून दाखवावी, तों आंत तांबूस रंग! हा रंग आपल्या रक्तांतील लाल द्रव्याच्या सख्ख्या भाऊबंदाचा होय, व गांठ कामांत आहे याची ती खूण आहे.

काम कोणतें, तें ऐकण्यासारखें आहे. हवेच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग नत्रवायु असतो आणि नत्रावांचून पान वाढत नाहीं. पण हवेंतला नत्र झाडास स्वतः घेतां येत नाहीं. डोहांत उभें राहून तहानलेलें असावें, तशी ही स्थिति आहे. कारखान्यांत हा वायु बांधून खत करावयाचें तर चारशें-पांचशें अंश उष्णता व हवेच्या दीड-दोनशें पट दाब लागतो. मुळावरच्या गांठींतील जीवाणु तेंच काम मातीच्या साध्या उबेंत करितात, आणि त्याबद्दल झाडाकडून साखर घेतात. इ. स. १८८६ मध्यें हेलरीगेल या जर्मन संशोधकानें ही गोष्ट बर्लिन येथें विद्वानांपुढें मांडली. बाजरींत तूर किंवा मटकी मिसळून पेरणारा आपला शेतकरी त्यापूर्वीं कित्येक पिढ्या याच गोष्टीचा लाभ घेत होता; त्यास कारण ठाऊक नव्हतें इतकेंच.

दसऱ्यास आपण ज्या दोन वृक्षांस मान देतों, त्यांपैकीं शमीच्या मुळांवर अशा गांठी येतात. आपट्याच्या मुळांवर येत नाहींत, जरी दोघेही शेंगा धरणाऱ्या एकाच कुळांतले आहेत. चिंच व माळावर पिवळी फुलणारी तरवड यांची गोष्टही आपट्यासारखीच. शमीच्या पोटांत अग्नि दडलेला आहे अशी आपल्या पूर्वजांची भावना होती, व यज्ञाची अरणी शमीवर उगवलेल्या अश्वत्थाची घेत. तिच्या मुळांशीं दडलेलें हें दुसरें धन पाहण्याचें साधन मात्र त्या काळीं नव्हतें.

दुसरा सोबती बुरशी. हें नांव ऐकतांच गृहिणीचें लक्ष लोणच्याच्या बरणीकडे जाईल. पण सर्वच बुरशी नासधूस करणारी नसते. इ. स. १८८५ मध्यें फ्रँक या शास्त्रज्ञानें मूळ व बुरशी यांच्या संयोगास ‘मायकोरायझा’ असें नांव दिलें. त्याचा अर्थ बुरशीमूळ. बाभूळ, बोर, बाजरी, तूर यांच्या मुळांत जी बुरशी राहते, ती मुळाच्या पेशींत शिरून तेथें झुडपासारखी फांदते, आणि तिचे केसाहूनही पुष्कळ बारीक तंतु बाहेर मातींत दूरवर पसरतात. मुळास ज्या फटींत शिरतां येत नाहीं, तेथें तंतु शिरतो. आपल्या चुनखडीच्या जमिनींत स्फुरद असतो, परंतु तो चुन्याशीं बांधला गेल्यामुळें जागचा हलत नाहीं. तो कणाकणानें वेंचून आणणें हें या तंतूंचें मुख्य काम. पाण्याच्या ताणांतही त्यांचा आधार होतो. स्कॉटलंडांतील ऱ्हायनी येथें सुमारें चाळीस कोटि वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचे जे अवशेष दगडांत सांपडले, त्यांतही अशी बुरशी आहे. मोहरी, मुळा, कोबी हीं तिच्यावांचून चालविणारीं थोडीं अपवादात्मक घराणीं होत.

हें कुटुंब भाबडें मात्र नाहीं. तेथें हिशेब चोख असतो. इ. स. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या सोयाबीनवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, ज्या गांठी नत्र देत नाहींत त्यांचा प्राणवायूचा पुरवठा रोप कमी करितें. उलट जमिनींत रासायनिक नत्र व स्फुरद यांची रेलचेल झाली, तर झाड सोबत्यांवर खर्च करण्यास नाखूष होतें. आयतें मिळूं लागलें म्हणजे घरच्या माणसांची किंमत कमी होते, हा अनुभव मनुष्यांपुरताच नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. हे सोबती मुख्यतः वरच्या थोड्या मातींत वसतात. ती माती पावसानें वाहून गेली किंवा यंत्रानें खरवडून नेली, कीं उरलेला मुरूम नुसता निकस नसतो, तो निर्जन असतो. त्यांत दरवर्षीं समारंभानें रोपें लागतात, आणि पुढच्या वर्षीं त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपें लागतात! पाणी आणि शेळी यांचा दोष आहेच. परंतु परक्या घरीं एकट्या पाठविलेल्या मुलासारखी त्या रोपाची स्थिति होते, हेंही ध्यानांत घ्यावें.

याच जिल्ह्यांतील राळेगण सिद्धी व हिवरे बाजार या गांवांनीं पाणी अडविलें, हें सर्वश्रुत आहे. त्याबरोबर तेथें कुऱ्हाडबंदी व चराईबंदीही पाळली गेली, इकडे लक्ष कमी जातें. गवताचें मूळ टिकलें म्हणजे माती टिकते, आणि माती टिकली म्हणजे त्या अदृश्य मंडळींचें घर टिकतें.

ज्या वाचकांची गांवीं जमीन आहे, त्यांस दोन गोष्टी सहज करतां येतील. बाभूळ किंवा शमी लावतांना जुन्या, निरोगी झाडाखालची ओंजळभर माती बारीक मुळांसकट खड्ड्यांत घालावी. कडधान्य पेरतांना बियाण्यास गुळाच्या पाण्यांतून जीवाणु-संवर्धक चोळून, सावलींत सुकवून, लवकर पेरावें. तूर, मटकी, हुलगा यांचें संवर्धक एक व हरभऱ्याचें निराळें, ही चूक होऊं देऊं नये. आणि ज्यांची जमीन नाहीं, त्यांनीं येत्या श्रावणांत घरच्या मुलांस मटकीचें एक रोप उपटून, त्याची गांठ फोडून दाखवावी. जें डोळ्यांनीं पाहिलें, तें राखावेंसें वाटतें.