कलत्या उन्हाचा शिल्पकार

रेक्याविक शहरात डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम 3 अंश वर येतो आणि चारएक तासांत मावळतो. भर जूनमध्येही तो 50 अंशांच्या वर कधी जात नाही. ज्याला आपण उठावशिल्प म्हणतो, म्हणजे भिंतीला न सोडता तिच्यातून बोटभर किंवा वीतभर वर येणारे शिल्प, त्याला असा तिरपा प्रकाश बाजूने भिंतीला घासून जातो तेव्हा तो वरदानच ठरतो. कारण समोरून पडणाऱ्या उजेडात जो उंचवटा मुकाट सपाट होऊन जातो, तोच कलत्या किरणांत स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट लांब छाया टाकू लागतो. जुना रुपया दिव्यासमोर सरळ धरला तर त्यावरील मुद्रा पुसट भासते आणि किंचित कलता केला की चेहरा उमटून येतो, त्यातलाच हा प्रकार.

या प्रकाशात वाढलेला आइसलँडचा थोर शिल्पकार म्हणजे सिगुरयोन ओलाफसन. त्या देशात ‘ओलाफसन’ हे आडनाव नव्हे, ‘ओलाफचा मुलगा’ एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तिकडच्या रिवाजाप्रमाणे मीही त्यांना सिगुरयोन असेच म्हणतो. 1908 साली दक्षिण किनाऱ्यावरील एयरारबाक्की या कोळ्यांच्या गावी त्यांचा जन्म झाला आणि 1928 मध्ये ते कोपनहेगनच्या शाही कलाअकादमीत दाखल झाले. तेथे 1930 मध्ये ‘मजूर’ या शिल्पास सुवर्णपदक मिळाले, आणि पुढे आपल्या आईच्या मुखशिल्पामुळे त्यांच्या नावाचा डेन्मार्कमध्ये दबदबा झाला.

परंतु माझे मन रेंगाळते ते 1934-35 मधील ‘खारवलेल्या माशांची रचाई’ या उठावशिल्पापाशी. कॉड मासा चिरून, कणा काढून, उघड्या पुस्तकासारखा पसरायचा, मिठात मुरवून दगडांवर वाळवायचा आणि मग त्याच्या थप्प्या रचायच्या, हे काम आइसलँडमध्ये मुख्यतः बायकांचे. विद्यार्थिदशेतल्या तरुणाने परदेशी राजधानीत बसून ना देवदेवता निवडल्या, ना गाथांमधले वीर. निवडल्या त्या या राबणाऱ्या बायका. चिरलेला मासा स्वतःच किती चपटा असतो! ज्या कलेला खोली अशी थोडकीच लाभते, तिला याहून स्वाभाविक विषय मिळणे कठीण, असे मला वाटते. हे शिल्प आज रेक्याविकमध्ये नाविक विद्यालयाजवळ उभे आहे.

1945 मध्ये युद्ध संपताच सिगुरयोन मायदेशी परतले आणि लौगारनेस येथे, समुद्रालगत, लष्कराने मागे टाकलेल्या एका बराकीत त्यांनी बिऱ्हाड थाटले. तेथेच पुढे त्यांची कार्यशाळा झाली आणि 1982 मध्ये त्यांचे निधन होईतो मुक्कामही तेथेच राहिला. त्यांच्या पत्नी बिर्गिट्टा स्पुर यांनी त्या वास्तूचे संग्रहालय केले; 2012 मध्ये ते राष्ट्रीय कलादालनाच्या हवाली झाले.

या देशात संगमरवर नाही, इमारती लाकूड दुर्मीळ, आणि ज्वालामुखीचा काळा बसाल्ट छिन्नीला सहजासहजी दाद देत नाही. घरे बांधली जातात ती काँक्रीटची. तेव्हा शिल्पकारानेही काँक्रीटचा आश्रय घ्यावा यात नवल नव्हते. थ्योर्साउ नदीवर, हेक्ला ज्वालामुखीच्या शेजारी, बूरफेट्ल येथे जलविद्युत् केंद्र उभे राहत असता, 1966 ते 1969 या काळात त्याच्या भिंतीवरील प्रचंड उठावशिल्पांचे काम सिगुरयोन यांनी पार पाडले. साच्यातून ओतलेल्या उठावाचा हिशेब सारा उलटा असतो: जेथे साचा खोल, तेथे भिंत पुढे येते, जेथे साचा फुगीर, तेथे ती मागे सरते, आणि ओतकाम आळल्यावर चूक खोडता येत नाही. कोळ्यांच्या गावातील बायका येथे नाहीत, कोणतीही मानवाकृती नाही. आहेत ते केवळ अमूर्त आकार आणि त्यांच्यामधल्या घळी. ढग सरले की त्या घळींत छाया उतरते, आणि सूर्य पुढे सरकेल तसतशी एकेका आकाराची कड उजळत जाते.