वाढवलेली ट्रॉली पेलते किती?

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटली की पुणे-सातारा किंवा पुणे-सोलापूर मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला एक दृश्य हमखास दिसते. पुढे ट्रॅक्टर, मागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या आणि त्यांच्या कडांबाहेर झुकलेला उसाचा डोंगर. यांतील कित्येक ट्रॉल्या उत्पादकाने बनवल्या त्या रूपात राहिलेल्या नसतात. कोणी फाळक्याच्या वर लोखंडी अँगलचा सांगाडा उभारलेला असतो, कोणी पाट्यांच्या जुडग्यात आणखी दोन पाटे घातलेले असतात, कोणी हौदाच लांबवलेला असतो. बैलांसाठी बनवलेली टायरगाडी दांडी बदलून ट्रॅक्टरमागे जोडण्याचा प्रकारही जुनाच. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात ही कामे दिवसभरात उरकतात. त्यानंतर ही ट्रॉली किती वजन पेलू शकते, असे विचारले तर बहुधा 'गेल्या हंगामात एवढे नेले होते' हे उत्तर मिळते. ते क्षमतेचे उत्तर नव्हे. ट्रॉली आजवर मोडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुळात ट्रॉलीची वहनक्षमता ही वजाबाकी आहे. नोंदणी प्रमाणपत्रात मालासह एकूण वजन आणि रिकामे वजन असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की नेता येण्याजोगा माल उरतो. फेरबदलानंतर यातील दुसरा आकडा वाढतो, पहिला मात्र वाढत नाही. समजा, एका चारचाकी ट्रॉलीचे नोंदलेले एकूण वजन ७,५०० किलो आणि रिकामे वजन २,००० किलो आहे. म्हणजे माल ५,५०० किलो. मालकाने सांगाडा आणि जादा पाटे मिळून ३५० किलो लोखंड चढवले, तर माल ५,१५० किलोवर येतो. अधिक ऊस नेण्यासाठी केलेल्या खर्चाने ट्रॉलीची क्षमता कमी झाली, हे मालकाला पटवणे अवघड जाते. पण हिशेब तसाच आहे.

पाटे वाढवले म्हणजे ताकद वाढली, हा यातील सर्वांत रुजलेला गैरसमज. पाटे वाढले की ट्रॉली खाली बसत नाही, एवढे खरे. मात्र भार पाट्यांपाशी थांबत नाही. तो ॲक्सल, बेअरिंग, चाकाची तबकडी आणि टायर यांतून रस्त्यावर पोहोचतो, आणि या साखळीत जी कडी सर्वांत दुबळी, तीच ट्रॉलीची क्षमता ठरवते. वरील ट्रॉलीचे दोन्ही ॲक्सल प्रत्येकी ५ टनांचे असले आणि पाटे १२ टन सोसणारे असले, तरी टायर काय म्हणतात ते पाहावे लागते. टायरच्या बाजूवर भारनिर्देशांक कोरलेला असतो. १३० या अंकाचा अर्थ १,९०० किलो, १४० चा अर्थ २,५०० किलो. चार टायर १३० चे असतील तर एकूण ७,६०० किलो. तेथेच पाट्यांचे १२ टन निरर्थक ठरतात. कमी वेगात टायर काहीसा अधिक भार सोसतो आणि उत्पादकांच्या तक्त्यांत तशी सवलतही असते. परंतु ती सुस्थितीतल्या, योग्य हवा भरलेल्या टायरसाठी. ट्रॉलीला अनेकदा ट्रकवरून उतरवलेले जुने टायर बसवतात, त्यांना ती लावणे धाडसाचे.

बरे, टायर मोठे घेतले तरी चासी तीच राहते. तिच्या पट्टीला पाडलेले भोक किंवा दिलेला वेल्डिंगचा टाका हा तिचा नवा दुबळा बिंदू असतो, कारण टाक्यालगतच्या, तापून थंड झालेल्या लोखंडातूनच बहुधा तडा सुरू होतो. हा तडा पहिल्या फेरीत दिसत नाही. खड्ड्यात आपटताना चाकावरचा भार क्षणभर उभ्या वजनाच्या कितीतरी वर जातो, आणि असे हजारो आघात झाल्यावर एखाद्या साध्या वळणावर चासी किंवा हूक सुटतो. गेल्या हंगामाचा दाखला येथेच फसवा ठरतो: त्या हंगामाने धातू थकवलेला असतो.

दुचाकी ट्रॉलीत माल कोठे आहे हेही तितकेच निर्णायक. हूक ते ॲक्सल अंतर ३ मीटर आणि ५,००० किलो मालाचा मध्य ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर त्यातील ५०० किलो ट्रॅक्टरच्या हुकावर बसतात. हौदा मागे लांबवल्याने तोच मध्य ॲक्सलच्या १५ सेंटिमीटर मागे गेला, की हूक २५० किलोने वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सैलावते. चढावर याचा अर्थ काय, हे चालकाला सांगावे लागत नाही.

उंचीचा हिशेब तर भाराहूनही भयंकर. दोन चाकांत १.८ मीटर अंतर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १.५ मीटरवर असेल, तर कागदावर ट्रॉली सुमारे ३१ अंश कलेपर्यंत उलटत नाही. सांगाडा उभारून मध्य २.४ मीटरवर नेला, की ही मर्यादा जेमतेम २० अंशांवर येते. पाटे व टायर दबतात, ऊस एका बाजूला सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात ती आणखी खाली असते. उसावर तोडणी मजूर बसलेले असतात, तेव्हा हे अंश म्हणजे माणसे असतात. शिवाय कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. उतारावर दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरला मागून कित्येक टन ढकलत येतात आणि थांबवण्याचे काम त्याच्या एकट्याच्या चाकांवर पडते. अशा जोडीची क्षमता ट्रॉलीच्या पोलादावर नव्हे, ट्रॅक्टरच्या ब्रेकवर ठरवावी लागते.

कायद्याची बाजूही पुरेशी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २ हजार रुपये दंडाची तरतूद झाली. २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलभाराच्या मर्यादा वाढवल्या, त्याचा हवाला अनेकदा दिला जातो. मात्र चार टायरांच्या एका ॲक्सलला ११.५ टन, ही कायद्याने आखलेली कमाल मर्यादा आहे. कोणत्याही ट्रॉलीला मिळालेले ते प्रमाणपत्र नव्हे.

खरे तर हा हिशेब मांडायला अभियंता लागत नाही. फेरबदलानंतर रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर घ्यावी, मग भरलेली. प्रत्येक ॲक्सल स्वतंत्रपणे तोलावा आणि आलेले आकडे टायर, ॲक्सल व नोंदणीपत्र यांतील सर्वांत लहान आकड्याशी ताडून पाहावेत. कारखान्यावर उसाचे निव्वळ वजन काढण्यासाठी भरलेले आणि रिकामे, अशी दोन्ही वजने प्रत्येक फेरीला घेतली जातात व पावतीवर छापलीही जातात. पण वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो. त्यामुळे ती पावती नोंदणीपत्राच्या शेजारी ठेवून वाचण्याची घाई ट्रॉलीमालकाला नसते आणि कारखान्यालाही नसते.