मोट: संत्र्याच्या बागा जगवणारी पिशवी

कष्टकऱ्यांच्या पेहरावावरून आणि अवजारांवरून बेतलेल्या चामडी पिशव्यांना आज शहरांत मोठी किंमत मिळते. नागपूरकराला अशा वेळी आधी मोट आठवावी. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात झाडांना ताण द्यायचा, म्हणजे पाणी बंद ठेवायचं, आणि ताण तोडला की पाणी वेळेवर पोचायलाच हवं. विजेचे पंप येण्याआधी विहिरीतून ते वर काढायची ती हातानं शिवलेली चामड्याची मोट.

सोंडेच्या मोटेची रचना फार हुशारीची आहे. रुंद तोंडाला लोखंडी कडं आणि जाड दोर, म्हणजे नाडा; निमुळत्या सोंडेला बारीक दोर, म्हणजे सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून जातो, सोंदूर थारोळ्याच्या (पाणी पडायच्या हौदाच्या) काठावरच्या कण्यावरून, आणि दोन्ही बैलांच्या जुवाला बांधलेले. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, उतरू लागले की सोंड दुमडून तोंडाच्या उंचीला राहते, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आल्यावर तोंड चाकाकडे वर जातं, सोंड कण्यावरून बाहेर ओढली जाते आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडतं. मोट उपडी करायला वेगळा माणूस लागत नाही. दोरांची लांबी चुकली तर मात्र सगळं वाया.

ही मोट ढोर आणि चांभार समाजातले कारागीर बनवत. आरीनं भोक पाडून वादीनं, म्हणजे चामड्याच्या पट्टीनं, शिवायचं. वादी भिजली की फुगते आणि भोक बुजतं. कातडं पाण्यात टिकावं म्हणून करडईचं जाळलेलं तेल चोळत.

वर्ध्याजवळच्या नालवाडीत १९३० च्या दशकात गांधीजींच्या प्रेरणेनं गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. तिथे नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांचीच कातडी कमावत. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र मेलेली जनावरं ओढण्याचं कामच सोडायला सांगितलं. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरातल्या भाषणात त्यांनी त्या कामाच्या फायद्याचा हिशेबही खोडून काढला. मला त्यांचंच म्हणणं पटतं. कसब थोर होतं, पण ते जातीनं लादलेलं होतं, आणि मोटेचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं अन्यायाचं आहे.

म्हणूनच मुंबईत धारावीतल्या कारागिरांसोबत सुधीर राजभर यांनी सुरू केलेला ‘चमार स्टुडिओ’ मला महत्त्वाचा वाटतो. शिवीसारखं वापरलं गेलेलं नाव त्यांनी पिशवीवर उघड लावलं. चामड्याच्या जागी तिथे टाकाऊ रबर आलं, शिवणारे हात तेच राहिले.