रेखाटनवही आणि वास्तुकार : झानरेच्या विद्यार्थिदशेचा एक विचार

थोर वास्तुकाराच्या विद्यार्थिदशेतील रेखाटनांचा अभ्यास दोन प्रकारे केला जातो. पुढे घडलेल्या कृतींची बीजे आधीच्या वह्यांतून शोधून काढणे हा पहिला प्रकार होय. तो सोपा आणि म्हणूनच अधिक प्रचलित आहे. दुसऱ्या प्रकारात विद्यार्थी त्या त्या वेळी काय पाहत होता, काय त्याच्या नजरेतून निसटत होते आणि त्याची पाहण्याची पद्धती कशी बदलत गेली, याचा शोध घ्यावा लागतो. पुढे ल कॉर्ब्यूझ्ये या नावाने विख्यात झालेल्या शार्ल-एद्वार झानरे (१८८७–१९६५) याच्या बाबतीत हा दुसरा मार्गच विशेष फलदायी ठरतो.

झानरेचा जन्म स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या घड्याळांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मीनाकाम करीत. आई पियानो शिकवीत असे. गावच्या कलाशाळेत त्याने प्रवेश घेतला तो घड्याळाच्या डब्यांवर नक्षी कोरण्याची कला शिकण्यासाठी. दृष्टी अधू असल्याने हे सूक्ष्म काम त्याला मानवणारे नव्हते. शाळेतील शिक्षक शार्ल लेप्लातन्ये यांनी त्याला वास्तुकलेकडे वळविले. निसर्गाचे बाह्य रूप नकलून न घेता त्याची अंतर्गत रचना ओळखावी आणि तीतून अलंकरण सिद्ध करावे, ही लेप्लातन्ये यांची शिकवण होती. जुरा पर्वतातील सूचिपर्णी वृक्ष हा त्या अभ्यासाचा मुख्य विषय असे. वृक्षाचा त्रिकोणी आकार, फांद्यांची पुनरावृत्ती आणि शंकूची खवल्यांसारखी रचना भूमितीत बसवून विद्यार्थी त्यांपासून आकृतिबंध तयार करीत. १९०६-०७ मध्ये रने शापाला या अनुभवी वास्तुकाराच्या साहाय्याने झानरेने फाले यांचे घर बांधले. त्याच्या उतरत्या छपराखालील त्रिकोणी भिंतीवर याच वृक्षाची भौमितिक नक्षी आहे.

१९०७ च्या शरद ऋतूत झानरे इटलीच्या प्रवासास निघाला. रस्किनच्या ग्रंथांचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता आणि त्या वेळची रेखाटने त्याची साक्ष देतात. पिसा, फ्लॉरेन्स व सिएना येथे त्याने जी जलरंगचित्रे केली, त्यांत संगमरवराचे रंगीत पट्टे, स्तंभशीर्षे, कमानींवरील कोरीव काम यांचे तपशील मोठ्या निष्ठेने टिपलेले आहेत. हात कुशल आहे, परंतु दृष्टी अद्यापि नक्षीकाराची आहे. इमारतीचा पृष्ठभाग दिसतो, तिची घडण दिसत नाही.

या प्रवासात एक महत्त्वाचा अपवाद घडला. फ्लॉरेन्सजवळच्या एमा खोऱ्यातील कार्थूझी मठ त्याने पाहिला. तेथे प्रत्येक संन्याशाला स्वतंत्र निवास आणि भिंतीने वेढलेली लहानशी बाग आहे. समोर टेकड्यांचे दृश्य खुले आहे, आणि मागील दार सामाईक ओवरीत उघडते. एकान्त व सहजीवन यांचा असा मेळ त्याने पूर्वी पाहिलेला नव्हता. श्रमिकांच्या घरांसाठी ही व्यवस्था उपयोगी पडेल असा विचार त्याने त्याच वेळी पत्रातून व्यक्त केला. अलंकरणाच्या पलीकडील वास्तूने त्याला प्रथमच थांबविले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील चार वर्षांत ही नवी दृष्टी पक्की झाली. १९०८-०९ मध्ये पॅरिस येथे ऑग्यूस्त पेरे यांच्याकडे त्याने अर्धवेळ काम केले. उरलेला वेळ ग्रंथालये आणि संग्रहालये यांत जाई. पेरे हे प्रबलित काँक्रीटचे आद्य पुरस्कर्ते. खांब-तुळयांचा सांगाडा भार पेलतो आणि भिंत त्या भारातून मुक्त होते, हे तत्त्व त्याला येथे प्रत्यक्ष कामातून कळले. नोव्हेंबर १९१० पासून सुमारे पाच महिने तो बर्लिनजवळ पेटर बेरेन्स यांच्या कार्यालयात होता. कारखान्यासारख्या वास्तूलाही प्रमाणबद्धतेची शिस्त कशी लावता येते, हे तेथे त्याने पाहिले.

मे १९११ मध्ये आउगुस्ट क्लिपश्टाइन या मित्रासह तो पूर्वेच्या प्रवासास निघाला. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बाल्कन प्रदेश, इस्तंबूल, अथॉस पर्वत, अथेन्स आणि शेवटी इटली असा तो मार्ग होता. या प्रवासाच्या सहा वह्या उपलब्ध आहेत आणि त्या १९०७ च्या चित्रांहून सर्वस्वी भिन्न आहेत. रंग जवळजवळ नाहीसा झाला आहे. रेषा त्रोटक आहे. आराखडे, छेद व पावलांनी घेतलेली मापे यांनी पाने भरलेली आहेत आणि त्यांच्या कडेला शब्दांत लिहिलेल्या नोंदी आहेत. इस्तंबूलच्या मशिदींत त्याने घन आणि घुमट यांचे परस्परसंबंध पाहिले. अक्रॉपोलिसवर मंदिर, डोंगर व समुद्र यांचे एकत्रित चित्र टिपले. परतीच्या वाटेवर तो पुन्हा पिसाला आला. १९०७ मध्ये ज्या कॅथीड्रलच्या दर्शनी बाजूची नक्षी त्याने रंगविली होती, त्याच वास्तुसमूहाचे आता त्याने केवळ घनाकार रेखाटले. वास्तू तीच होती. बदलला होता तो पाहणारा. त्याच्या सर्व विद्यार्थिदशेचे सार या दोन रेखाटनांच्या तुलनेत सापडते.

या प्रेरणांचा परिपाक होण्यास जो दीर्घ काळ लागला, तोही चिंतनीय आहे. एमाच्या मठातील व्यवस्था १९२२ च्या सामूहिक निवासाच्या योजनेत बागेसह एकावर एक रचलेल्या घरांच्या रूपाने अवतरली आणि मार्से येथील निवाससंकुलात (१९४७–५२) तिला निराळे रूप लाभले. तिव्होलीजवळील हेड्रियनच्या प्रासादात वरून झिरपणारा प्रकाश त्याने १९११ मध्ये टिपून ठेवला होता. रोंशां येथील चर्चच्या (१९५०–५५) मनोऱ्यांतून प्रकाश खाली उतरतो, तो याच अनुभवाच्या आधारे. यास सुमारे चार दशके लागली. प्रवासात त्याने पुष्कळ छायाचित्रेही घेतली होती. तथापि हाताने रेखाटलेले तेवढेच मनात रुजते, असे त्याचे उत्तरायुष्यातील मत होते.

येथे साधनांविषयी सावधगिरी आवश्यक आहे. त्याच्या समग्र कृतींच्या पहिल्या खंडात १९१० ते १९२९ हा काळ घेतला असून जन्मगावची आरंभीची घरे त्यातून वगळलेली आहेत. प्रवासवर्णनाचा ग्रंथ १९६६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला; त्याच्या मजकुरावरून लेखकाने १९६५ मध्ये अखेरचा हात फिरविला होता. म्हणजे तेविसाव्या वर्षीचा प्रवासी आणि सत्त्याहत्तराव्या वर्षीचा संपादक हे दोघेही त्या पृष्ठांत आहेत. नक्षीकाराची पहिली पायरी पुसून टाकली, तर विद्यार्थी जन्मतःच आधुनिक होता असा भ्रम उत्पन्न होतो आणि शिक्षणाचे कार्यच अदृश्य होते. वस्तुतः निसर्गाच्या रूपामागील नियम शोधण्याची लेप्लातन्ये यांची शिस्तच पुढे वृक्षावरून वास्तूकडे वळली.

रेखाटनाचा हा परिपाठ त्याने भारतातही सोडला नाही. १९५१ पासून चंडीगढच्या निमित्ताने येथे आल्यावर दिल्लीचे जंतरमंतर, पिंजोरचे उद्यान, बैल आणि बैलगाड्या त्याच्या वह्यांत उतरल्या. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. संस्थेत वास्तुकला शिकलेले बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) याच काळात त्याच्या पॅरिसमधील कार्यालयात काम करीत होते. पुढे अहमदाबाद येथील त्याच्या वास्तूंची देखरेख त्यांनी केली.

विद्यार्थ्याच्या रेखाटनवहीचे मूल्यमापन करताना चित्र किती सुबक आहे, एवढेच पाहणे पुरेसे नाही, हा यातून निघणारा निष्कर्ष आहे. १९०७ ची चित्रे अधिक सुंदर आहेत. १९११ च्या वह्या अधिक ज्ञानगर्भ आहेत. केवळ सुबकतेला गुण देणारी परीक्षापद्धती या दोहोंपैकी पहिल्या वहीलाच वरचा क्रमांक देईल. म्हणून विद्यार्थ्याला एकच वास्तू काही वर्षांच्या अंतराने पुन्हा रेखाटावयास लावणे आणि त्या दोन रेखाटनांतील अंतर तपासणे, ही त्याच्या प्रगतीची अधिक विश्वसनीय कसोटी होय.