मते तीच, निकाल वेगळे

निवडणुकीत ज्याला जास्त मते तो विजयी, हे आपण सर्वजण जाणतो. पण एखाद्या राज्यात एका पक्षाला जास्त मते मिळाली आणि जागा मात्र दुसऱ्याच पक्षाने जास्त जिंकल्या, असे होईल का? खोटे मतदान नाही, मोजणीत चूक नाही, तरीही? होय, असे होऊ शकते, आणि झालेलेही आहे. त्यामागचे गणित इतके साधे आहे की ते वहीच्या एका पानावर करून पाहता येते.

पंचवीस घरांचे गाव

चौकटीच्या वहीत पाच आडव्या ओळी आणि पाच उभे रकाने असा एक चौरस आखा. ही झाली पंचवीस घरे. डावीकडच्या पहिल्या दोन रकान्यांतील दहा घरांत त्रिकोण काढा आणि उरलेल्या पंधरा घरांत गोल काढा. प्रत्येक घराचे एक मत. त्रिकोणवाले त्रिकोण पक्षाला मत देतात, गोलवाले गोल पक्षाला.

आता या गावाचे पाच मतदारसंघ पाडायचे आहेत. नियम दोनच. प्रत्येक मतदारसंघात पाच घरे हवीत आणि ती एकमेकांना लागून हवीत.

पहिली रीत: प्रत्येक उभा रकाना हा एक मतदारसंघ. त्रिकोणांना दोन जागा, गोलांना तीन. मते दहा आणि पंधरा, तेव्हा हा हिशेब बरोबर जुळला.

दुसरी रीत: प्रत्येक आडवी ओळ हा एक मतदारसंघ. आता प्रत्येक ओळीत दोन त्रिकोण आणि तीन गोल आले. पाचही जागा गोलांना! त्रिकोणांच्या दहा मतांना एकही जागा नाही.

तिसरी रीत: घरांत पुढीलप्रमाणे मतदारसंघांचे आकडे लिहा.

१ १ १ १ ५
१ २ २ ५ ५
२ २ २ ५ ५
३ ४ ४ ४ ४
३ ३ ३ ३ ४

आता मोजा. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मतदारसंघात तीन त्रिकोण आणि दोन गोल आहेत. म्हणजे तीन जागा त्रिकोणांना आणि दोनच गोलांना! दहा मतांनी पंधरा मतांना हरवले. एकही घर हलले नाही, एकाही घराने आपले मत बदलले नाही. बदलल्या त्या फक्त रेषा.

हे कसे घडले? यात दोन युक्त्या आहेत. पाचव्या मतदारसंघात पाचही गोल कोंबले आहेत. जिंकायला तीन पुरे होते, म्हणून दोन मते वाया गेली. चौथ्यात चार गोल आहेत, तेथे एक मत वाया गेले. ही झाली ‘कोंबण्याची’ युक्ती. उरलेले सहा गोल दोन-दोन करून तीन मतदारसंघांत विखुरले. तेथे ते हरणारच. ही झाली ‘फोडण्याची’ युक्ती. विरोधकांची मते कोठे कोंबायची आणि कोठे फोडायची, एवढे ठरवता आले की निकाल बराचसा मतदानाआधीच ठरतो.

एका विचित्र प्राण्याचा जन्म

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १८१२ साली एल्ब्रिज गेरी हे गव्हर्नर होते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांच्या पक्षाने राज्याच्या सेनेटसाठी नवे मतदारसंघ आखले आणि गेरींनी त्या कायद्यावर सही केली. त्यांपैकी एक मतदारसंघ फारच वेडावाकडा होता. बोस्टनच्या एका वृत्तपत्राने त्या नकाशाला पंख, नखे आणि दात काढून त्याचे व्यंगचित्र छापले. सॅलॅमँडर हा सरड्यासारखा दिसणारा एक उभयचर प्राणी आहे. त्याच्या नावाला गेरींचे नाव जोडून या नव्या प्राण्याचे बारसे झाले: ‘गेरीमँडर’. स्वार्थासाठी मतदारसंघ आखण्याला तेव्हापासून हेच नाव पडले. आज त्याचा उच्चार ‘जेरीमँडरिंग’ असा करतात.

त्या निवडणुकीत गेरींच्या पक्षाला विरोधकांपेक्षा थोडी कमीच मते पडली. तरीही ४० पैकी २९ जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या.

पेन्सिल कोणाच्या हाती?

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिच्या प्रतिनिधिगृहात ४३५ जागा असतात. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि लोकसंख्येप्रमाणे राज्याराज्यांत या जागा वाटल्या जातात. एका राज्यातील सर्व मतदारसंघांची लोकसंख्या सारखी असली पाहिजे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिला. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. आपल्या गावातही प्रत्येक मतदारसंघात बरोबर पाच घरे होतीच की!

खरी गोम पुढेच आहे. बहुतेक राज्यांत या सीमा राज्याचे विधिमंडळच ठरवते. म्हणजे तेथे ज्या पक्षाचे बहुमत, त्याच्याच हाती पेन्सिल.

नॉर्थ कॅरोलिना राज्याचे उदाहरण घ्या. येथे रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन पक्षांचे बळ जवळजवळ सारखे आहे. विधिमंडळात बहुमत असलेल्या रिपब्लिकन पक्षाने २०११ साली सीमा आखल्या. २०१२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवारांना राज्यभर मिळून थोडी अधिक मते पडली, पण १३ पैकी त्यांना जागा मिळाल्या फक्त ४. २०१६ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे नकाशा पुन्हा आखावा लागला. तेव्हा समितीतील एका आमदारांनी उघडपणे सांगितले, की १० विरुद्ध ३ असा नकाशा मी सुचवतो, कारण ११ विरुद्ध २ असा नकाशा काढता येईल असे मला वाटत नाही. त्या वर्षी निकालही १० विरुद्ध ३ असाच लागला.

या नकाशातील एक रेषा ग्रीन्सबरो शहरातील एका मोठ्या विद्यापीठाच्या आवारातून गेली होती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले हे विद्यापीठ. एकाच आवारात राहणारे विद्यार्थी दोन मतदारसंघांत वाटले गेले. त्यांची मते एकत्र पडली असती तर त्यांना वजन आले असते. मतपत्रिका कोणी काढून घेतली नाही, पण तिचे वजन मात्र कमी झाले.

संगणकाची साक्ष

येथे एक शंका तुमच्या मनात येईल. नकाशा वेडावाकडा दिसला म्हणून तो लबाडीचाच, असे कसे म्हणावे? शंका रास्त आहे. नदी, डोंगर, समुद्रकिनारा यांमुळेही सीमा वाकड्या होतात. उलट आपल्या दुसऱ्या रीतीत सरळ, सुबक पट्टे होते, तरी त्रिकोणांना काहीच मिळाले नाही! शिवाय एका पक्षाचे मतदार शहरांत दाटीने राहत असतील तर ते आपोआपच कोंबले जातात. म्हणून मते आणि जागा यांचे प्रमाण जुळले नाही एवढ्याने लबाडी सिद्ध होत नाही.

मग पारख कशी करायची? याच राज्यातील ड्यूक विद्यापीठातले गणितज्ञ जोनाथन मॅटिंगली यांनी एक मार्ग काढला. त्यांनी संगणकाला फक्त नियम सांगितले: लोकसंख्या सारखी ठेव, मतदारसंघ आटोपशीर ठेव, जिल्हे शक्यतो तोडू नकोस. कोणाचे मत कोणाला, हे सांगितले नाही. संगणकाने असे २४,००० हून अधिक नकाशे आखले. मग २०१६ ची खरी मते प्रत्येक नकाशावर मांडून जागा मोजल्या. १० विरुद्ध ३ हा निकाल शंभरात एकाहूनही कमी नकाशांत आला.

शंभर सोंगट्यांच्या पिशवीत एकच लाल सोंगटी आहे, आणि डोळे मिटून हात घालणाऱ्याने नेमकी तीच काढली, तर तुम्ही काय म्हणाल? डोळे नक्कीच उघडे होते! संगणकाची साक्ष ती हीच.

ही साक्ष सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने ठरवले, की पक्षीय स्वार्थासाठी आखलेल्या सीमांचा निवाडा करणे हे केंद्रीय न्यायालयांचे काम नाही. मग लढाई राज्याच्या न्यायालयांत गेली. २०२२ ची निवडणूक न्यायालयाने आखून घेतलेल्या नकाशावर झाली. तेव्हा राज्याला १४ जागा होत्या. निकाल लागला ७ विरुद्ध ७. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीश बदलले आणि २०२३ मध्ये त्या न्यायालयाने आपला आधीचा निर्णय फिरवला. विधिमंडळाने पुन्हा नकाशा काढला. २०२४ चा निकाल: १० विरुद्ध ४.

तीन जागांचा हा फरक क्षुल्लक समजू नका. २०२४ च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांना २२० आणि डेमोक्रॅट्सना २१५ जागा मिळाल्या. त्या तीन जागा पूर्वीसारख्याच राहिल्या असत्या तर आकडे २१७ आणि २१८ झाले असते. म्हणजे एका राज्यातील रेषांनी साऱ्या देशाच्या सभागृहातील बहुमत फिरू शकते.

हा दोष एकाच पक्षाचा नाही. मेरीलँड राज्यात डेमोक्रॅट्सनी २०११ मध्ये अशाच सीमा आखल्या आणि पुढच्या वर्षी ८ पैकी ७ जागा मिळवल्या. २०२५ मध्ये तर जनगणनेची वाटही न पाहता टेक्सास राज्याने रिपब्लिकनांना आणखी पाच जागा मिळाव्यात म्हणून नवा नकाशा केला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने आपल्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा काही वर्षांपुरता बाजूला ठेवला आणि डेमोक्रॅट्सना सोयीचा नकाशा लोकांच्या मतदानाने मंजूर करून घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळानेही अकरावी जागा मिळवण्यासाठी पुन्हा रेषा बदलल्या.

मग उपाय काय? आयोवा राज्यात १९८० च्या कायद्याने सीमांचा आराखडा करण्याचे काम निःपक्ष कर्मचाऱ्यांकडे दिले आहे. आपल्या देशात हे काम परिसीमन आयोग करतो. २००२ च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. त्याने आखलेल्या मतदारसंघांत महाराष्ट्राने २००९ ची लोकसभा निवडणूक लढवली. कोणतीच व्यवस्था सर्वस्वी निर्दोष नसते. पण खेळाडूने स्वतःच मैदान आखू नये, एवढे तत्त्व तरी पाळायलाच हवे.

आता तुमच्यासाठी एक कोडे. आपल्या गावात त्रिकोणांना तीन जागा मिळाल्या. रेषा कितीही चतुराईने ओढल्या तरी त्यांना चार जागा मिळवून देता येतील का? नसतील, तर का नाही? आधी पेन्सिल न उचलता, नुसता हिशेब करून उत्तर काढा. मग वर्गात नवे चौरस आखून वेगवेगळे नकाशे काढून पाहा. वर्तमानपत्रात एखाद्या निवडणुकीचा नकाशा दिसला तर केवळ रंग पाहू नका. त्या रेषा कोणी ओढल्या, हेही विचारा.