डीजेनं पट्टी कधी जुळवावी?

आजच्या कुठल्याही डीजेच्या लॅपटॉपवर गाण्यांची यादी उघडली, तर नावाशेजारी दोन रकाने हमखास दिसतात. एकात १२४ किंवा १२८ असा आकडा असतो, म्हणजे मिनिटाला किती ठोके. दुसऱ्यात ‘८ए’, ‘५बी’ अशी खूण असते. एक गाणं वाजू लागलं की काही सॉफ्टवेअरांत यादीतली मोजकी गाणी हिरवी होतात. चालू गाण्याच्या सुरांशी जमणारी ती हीच. या हिरव्या रंगावरून डीजेंमध्ये सरळ दोन तट आहेत. काही जण हिरव्याबाहेर पाऊल टाकत नाहीत, तर काहींनी तो रकानाच लपवून ठेवलेला असतो.

ही खूण म्हणजे गाण्याची पट्टी. पाश्चात्त्य संगीतात बारा स्वरांवर प्रत्येकी एक मेजर आणि एक मायनर अशा २४ पट्ट्या होतात. त्यांची आपसातली नाती पाठ ठेवणं संगीत न शिकलेल्याला कठीण. म्हणून मार्क डेव्हिस यांनी त्या घड्याळासारख्या वर्तुळात मांडल्या आणि त्याला नाव मिळालं कॅमेलॉट व्हील. आकडे १ ते १२, ‘ए’ म्हणजे मायनर, ‘बी’ म्हणजे मेजर. नियम सोपे: त्याच घरात राहा, आकडा एकानं पुढे-मागे करा, किंवा आकडा तोच ठेवून अक्षर बदला. २००६ मध्ये ‘मिक्स्ड इन की’ हे सॉफ्टवेअर आलं. गाण्याची पट्टी ओळखून ते ही खूण थेट फाइलवर लिहू लागलं, आणि तोवर कानानं किंवा कीबोर्डवर बोट ठेवून करायचं काम काही मिनिटांवर आलं.

या वर्तुळामागचं गणित मराठी रसिकाला नवं नाही. एक घर पुढे गेलं की षड्ज-पंचम भाव, एक घर मागे आलं की षड्ज-मध्यम. सी मेजर (८बी) आणि जी मेजर (९बी) यांच्या सात स्वरांपैकी सहा सामाईक असतात. आकडा तोच ठेवून अक्षर बदललं, तर सातही स्वर तेच राहतात, फक्त षड्ज सरकतो. बिलावल थाटाच्या धैवताला षड्ज मानलं की आसावरी थाट मिळतो, तसाच हा मूर्च्छनेचा प्रकार आहे.

पंडित जसराज यांनी रचलेली ‘जसरंगी’ जुगलबंदी याच तत्त्वावर उभी आहे. बाई आणि पुरुष एका पट्टीत गायला बसले की कुणा एकाच्या गळ्याची ओढाताण होते. जसरंगीत दोघंही आपापल्या सोयीच्या पट्टीत, दोन वेगळे राग गातात. गायिकेचा मध्यम हा गायकाचा षड्ज होतो. अभोगीच्या मध्यमाला षड्ज केलं की कलावतीचे स्वर हाती येतात, त्यामुळे हे दोन राग शेजारी सुखानं नांदू शकतात. अश्विनी भिडे-देशपांडे आणि संजीव अभ्यंकर यांनी हा प्रकार अनेक मैफलींत गायला आहे. कॅमेलॉटच्या हिशेबात ते एका घराचं अंतर.

उलट पेटीवर एकमेकींना लागून असलेल्या पट्ट्या वर्तुळात लांब पडतात. ए मायनर ८ए वर आहे, तर तिच्या अर्धस्वर वरची बी-फ्लॅट मायनर ३ए वर. दोघींत सामाईक स्वर फक्त दोन. अशी दोन गाणी एकत्र वाजली की सगळ्यात आधी बोंब मारतो तो बेस. खालच्या ‘ए’ची कंपनं सेकंदाला ५५ आणि त्याच्या शेजाऱ्याची सुमारे ५८. या फरकामुळे सेकंदाला तीनेक वेळा आवाज चढतो-उतरतो. घरच्या छोट्या स्पीकरवर हे फारसं कळणारही नाही, पण मोठ्या सबवूफरसमोर उभ्या असलेल्याला काहीतरी गढूळ झाल्यासारखं वाटतं, मग त्याला स्वरज्ञान असो वा नसो.

खरी गुंतागुंत वेगाची आहे. तबकडी जोरात फिरवली की लय वाढते आणि सूरही चढतो. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’मध्ये निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी १९६६ च्या डिसेंबरात याच गुणाचा फायदा घेतला. बीटल्सचा गायक जॉन लेनन याला एका टेकची सुरुवात हवी होती आणि दुसऱ्याचा उरलेला भाग, पण दोन्हींची लय वेगळी आणि पट्टीही वेगळी. टेपचा वेग कमी-जास्त केल्यावर लय आणि पट्टी एकाच वेळी जुळून आली. ते नशीब होतं. डीजेच्या वाट्याला बहुतेक वेळा उलटंच येतं: ठोके जुळवायला जावं तर सूर सुटतो.

अर्धस्वर चढवायला वेग जेमतेम सहा टक्के वाढवावा लागतो. १९७९ मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येई. म्हणजे १२० ठोक्यांचं ८ए गाणं १२७ वर नेलं की ते व्यवहारात ३ए होतं. तीन टक्के वाढवलं तर ते दोन पट्ट्यांच्या अधेमधे लटकतं आणि कागदावरची कुठलीच खूण त्याला लागू पडत नाही. पायोनियरच्या सीडीजे-५०० मध्ये १९९४ साली ‘मास्टर टेम्पो’ आला आणि सूर न हलवता वेग बदलता येऊ लागला. मात्र वेग फार ताणला की गाण्याचा आवाज चिरफाळतो, ठोक्याची धार बोथट होते. म्हणून ही सोयसुद्धा बेतानंच वापरावी लागते.

सॉफ्टवेअरच्या खुणेवर तरी किती विसंबायचं? गाण्यात बारा स्वरांपैकी कोणता किती वाजतो हे मोजून तो नकाशा २४ साच्यांशी ताडून पाहणं, ही पट्टी ओळखण्याची रूढ पद्धत. अशा साच्यांचा एक प्रसिद्ध संच कॅरल क्रमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी १९८२ मध्ये श्रोत्यांवरच्या प्रयोगांतून मांडला. पण या साच्यांत यमन नाही, भैरवीही नाही. ‘सी’ला षड्ज धरलेल्या यमनात तीव्र मध्यम असतो, त्यामुळे त्याचे स्वर जी मेजरचे होतात, यंत्र ८बी म्हणेल किंवा ९बी. तिथे चूक शेजारच्या घरापुरतीच राहते. भैरवीतही यंत्राची अशी चूक होऊ शकते. रागावर बेतलेली जुनी फिल्मी गाणी रिमिक्स करणाऱ्यानं त्यामुळे पेटीवर षड्ज तपासून घेतलेला बरा.

मग पट्टी जुळवायची की नाही, हे एका प्रश्नावर ठरतं: दोन सुरावटी एकत्र किती वेळ ऐकू येणार आहेत? साशा आणि जॉन डिगवीड या डीजेंच्या १९९६ च्या ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ या मिक्स अल्बममध्ये एक गाणं दुसऱ्यात कधी विरघळलं ते कळत नाही, इतके मिश्रणाचे पट्टे लांब आहेत. तिथे सूर भांडले असते तर सगळंच कोसळलं असतं. एकाचा आवाज दुसऱ्याच्या साथीवर ठेवणाऱ्या मॅशअपलाही हेच लागू. त्याउलट डेट्रॉईटचे टेक्नो डीजे जेफ मिल्स घ्या. टोकियोच्या लिक्विड रूममधल्या १९९५ च्या सेटमध्ये त्यांनी तासाभरात तीसहून अधिक तबकड्या वाजवल्या. ते संगीत मुख्यतः ठोक्यांचं, त्यामुळे पट्टीची फिकीर कुणी करत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डीजे दर मिनिटाला गाणं तोडतो आणि पुढच्या गाण्याची ओळखीची ओळ थेट आदळवतो. तिथे सुरांवर सूर येतच नाहीत.

गोव्यात तर अडचणीतून वेगळीच रीत घडली. हणजुणच्या पार्ट्यांत उन्हातान्हात आणि धुळीत तबकड्या टिकेनात, म्हणून ट्रान्स वाजवणारे डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपकडे वळले. त्या यंत्रांवर वेग बदलायची सोय सहसा नसे. मग ठोकेच जुळवता येत नाहीत, तिथे पट्टीची काय कथा! गाणी अशी घडू लागली की सुरुवातीला आणि शेवटी ठोके नसलेला, तरंगता भाग असावा आणि सांधा तिथे बसावा. गोवा गिल या नावानं ओळखले जाणारे गिल्बर्ट लेव्ही या टेपवादनाशी एकनिष्ठ राहिले.

हिरव्या रंगातच फिरत राहण्याचा तोटा वेगळा आहे. तासभर सूर हलतच नाही, आणि सगळं बरोबर असूनही ऐकणारा कंटाळतो. शेवटच्या कडव्याला अर्धस्वर चढवण्याची युक्ती चित्रपटसंगीतात जुनी आहे; डीजेही तेवढ्यासाठी मुद्दाम सात घरं पुढे उडी मारतो. फक्त ती ठोक्यावर तोडून मारावी लागते, दोन गाणी एकमेकांवर ठेवून नाही.

म्हणून जाणता डीजे आधी समोरची माणसं बघून गाणं निवडतो आणि मग खूण वाचतो. मिश्रण चार ठोक्यांत उरकणार असेल, तर खूण काहीही असो. बत्तीस मात्रांपलीकडे जाणार असेल आणि पट्ट्या भांडत असतील, तर एका गाण्याचा बेस पूर्ण खाली घेता येतो, किंवा संपत्या गाण्याचा नुसता ठोक्यांचा तुकडा लूपवर ठेवून नव्याची सुरावट त्यावर आणता येते. २०२० मध्ये आलेल्या सीडीजे-३००० वर बटण दाबूनही पट्टी सरकवता येते. अर्धस्वरापर्यंत ते बहुधा खपून जातं. त्याहून जास्त सरकवलं की गाणाऱ्याचा गळा खोटा वाटू लागतो.