आधी सायकलचे कपडे, की आधी वजन कमी?

पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या नगर नाक्यावरून मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादकडे निघणाऱ्या सायकलस्वारांत सगळ्या बांध्यांची माणसं असतात. घाटातल्या दरवाजातून खुलताबादकडे चढताना घाम प्रत्येकालाच फुटतो. कपड्यांचा विषय निघाला की मात्र भरल्या अंगाची माणसं गप्प होतात. ‘ते लायक्रा वगैरे आपल्यासाठी नाही. पाच-दहा किलो उतरू देत, मग बघू,’ हे अनेकांच्या तोंडून ऐकू येतं. सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच.

ताणणारं, अंगाबरोबर राहणारं कापड सायकलवर आलं ते अंग दाखवायला नव्हे. लायक्राचा धागा १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला. त्याआधी शर्यतीतले स्वार लोकरीच्या चड्ड्या घालत आणि बैठकीच्या जागी आतून मऊ कातड्याचा तुकडा शिवून घेत. तेव्हाही प्रश्न घासण्याचाच होता. मिनिटाला सत्तर फेरे धरले तरी तासाभरात पेडल चार हजारांहून जास्त वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्याला मांडी हलते. जिथे मांडीला मांडी लागते तिथे त्वचेला चिकटून राहणाऱ्या कापडाची गरज सडपातळ माणसापेक्षा जास्तच असते. वजन उतरेपर्यंत साध्या पँटवर चालवायचं म्हणजे जांघा सोलवटून घ्यायच्या. तशी सायकल फार दिवस कोणी चालवत नाही, आणि मग वजनही तिथेच राहतं. कपडे आजच्या अंगाला घ्यावेत.

दुसरा घोळ मापाचा. लेबलवरचं ‘एक्सएल’ हे माप नाही, ते त्या कंपनीने ठरवलेलं अक्षर आहे. इटालियन घडणीचे कपडे शर्यतीच्या स्वारांसाठी बेतलेले, म्हणून अंगाला आवळून येतात. ‘एशियन साइझ’ असं लिहिलेले ऑनलाइन कपडे युरोपीय अक्षरापेक्षा एक-दोन मापांनी लहान निघतात. तेव्हा एका कंपनीत एक्सएल आणि दुसरीत ट्रिपल एक्सएल लागलं, तर तुमच्या अंगात काही बदललेलं नसतं.

पँटचा आकडाही इथे कामाचा नाही. पोट असलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो. तो ‘३८’ त्या जागेचा असतो, पोटाच्या घेराचा नव्हे. घरी शिंप्याची टेप घ्या आणि चार मापं सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा: छाती, बेंबीपाशी पोट, नितंब जिथे सर्वांत रुंद तिथे, आणि मांडीचा वरचा घेर. पोट आत ओढू नका. जर्सी घेताना छाती आणि पोट यांपैकी ज्याला मोठं माप लागेल ते धरा. चड्डीला नितंब आणि मांडी महत्त्वाची. तक्त्यात मांडीचं माप दिलं नसेल, तर दुकानदाराला विचारल्याशिवाय घेऊ नका.

मग सगळंच दोन मापं मोठं का घेऊ नये? जर्सी थोडी मोकळी चालते. ऑडॅक्स या लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठराविक वेळेत पुऱ्या करायच्या फेरीला, साडेतेरा तास मिळतात आणि ती शर्यत नसते, म्हणून ‘रेस फिट’ सोडून ‘क्लब’ किंवा ‘रिलॅक्स्ड’ घडण खुशाल घ्या. चड्डीचं तसं नाही. ती ढगळ झाली की बैठकीच्या जागचं पॅड सरकतं, कापडाच्या घड्या पडतात आणि त्या घड्याच कापतात. मांडीवरची पट्टी मात्र रुंद हवी. बारीक इलॅस्टिक मांसात रुततं, रुंद पट्टी दाब पसरवते.

बिब शॉर्ट, म्हणजे खांद्यावरून गॅलस असलेली चड्डी, ही फक्त शर्यतवाल्यांची चीज मानली जाते. माझ्या मते पोट असलेल्या माणसाला तिच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही, कारण पोटावर रुतणारं इलॅस्टिकच तिथे नसतं आणि वाकल्यावर ती खालीही घसरत नाही. बायकांची अडचण खरी आहे, वाटेत लघवीला जायचं तर अंगावरचं सगळं उतरवावं लागतं. त्यासाठी मागून खाली ओढता येणाऱ्या किंवा गॅलसला क्लिप असलेल्या बिब मिळतात. नसतील तर उंच, रुंद कंबरपट्टीची चड्डी घ्यावी.

बिब घालून आरशासमोर ताठ उभं राहिलं की खांदे ओढले जातात आणि माणूस ती नापसंत करतो. हे कपडे वाकलेल्या अंगासाठी शिवलेले असतात. दुकानात सायकलवर बसून, हात हँडलवर ठेवून बघा. पाठ उघडी पडते का, पोटाशी जर्सी गोळा होते का, ते तिथेच कळतं.

पॅडच्या चड्डीखाली अंतर्वस्त्र घालायचं नाही. त्याची शिवण त्वचा आणि सीट यांच्यामध्ये येते, आणि फोड उठतात ते तिथेच. जाड माणसाला जाड पॅड, हेही चूक. भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो आणि त्या हाडांमधलं अंतर वजनावर ठरत नाही. फार जाड, मऊ पॅडमध्ये हाडं रुतून आजूबाजूच्या भागावर दाब येतो. सीटच चुकीच्या रुंदीची असेल, तर कुठलंही पॅड ते दुखणं थांबवणार नाही.

‘आपल्याकडच्या उन्हात सुतीच बरं’ हे रोजच्या वापराला खरं आहे. या शहरात विणल्या गेलेल्या मशरू कापडातही रेशीम बाहेर आणि सूत अंगाकडे असायचं. सायकलवर मात्र सूत घाम पिऊन जड होतं आणि ओलं राहून घासतं. जाळीदार पॉलिस्टर आमच्या कोरड्या हवेत झपाट्याने वाळतं. रंग फिका घ्या, मेमध्ये पारा चाळिशीपार असतो.

मापात मिळालंच नाही, तर शिंप्याकडून वाढवून घेता येतं, पण त्याच्याकडे फ्लॅटलॉक शिलाईचं मशीन आहे का ते आधी विचारा. साधी सरळ शिलाई कापड ताणलं की तुटते आणि तिचा उंचवटा टोचतो.

पैसे मोजकेच असतील तर सगळे चड्डीवर घाला; वर साधा पॉलिस्टरचा टी-शर्ट चालेल. शक्यतो दोन चड्ड्या घ्या, कारण प्रत्येक फेरीनंतर ती धुवावीच लागते. उलटी करून सौम्य साबणाने धुवा, सॉफ्टनर टाकू नका आणि सावलीत वाळवा.